‘पब्लिक’ म्हणजे कोण? : चवदार तळे आणि एका इंग्रजी शब्दाचे अर्थ

इंग्रजी राजवटीबरोबर मराठीत जे शब्द आले, त्यांत ‘पब्लिक’ या शब्दाइतका वेष पालटणारा शब्द क्वचितच सापडेल. ‘पब्लिक मीटिंग’ ही मराठीत जाहीर सभा होते, ‘पब्लिक प्रॉसिक्यूटर’ हा सरकारी वकील होतो, ‘पब्लिक ओपिनियन’ हे लोकमत होते, ‘पब्लिक सर्व्हिस कमिशन’ हा लोकसेवा आयोग होतो, ‘पब्लिक वर्क्स’ हे सार्वजनिक बांधकाम होते आणि ‘पब्लिक इंटरेस्ट लिटिगेशन’ ही जनहित याचिका होते. इंग्रजीत एक शब्द. मराठीत मात्र जाहीर, सरकारी, लोक, सार्वजनिक व जन असे पाच. शिवाय बोलीत तो जसाच्या तसाही वावरतो. तमाशाच्या तंबूबाहेर ‘पब्लिक’ जमते, तेव्हा तिचा अर्थ केवळ गर्दी एवढाच असतो. खुद्द इंग्लंडात तर ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे जबर फी घेऊन श्रीमंतांच्या मुलांना शिकविणारी खाजगी शाळा होय.

ही केवळ भाषेची गंमत असती, तर बौद्ध अध्ययनाला वाहिलेल्या या पृष्ठांवर तिची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु या पाच अर्थांच्या फटीतूनच कोकणातील हजारो माणसांचे पिण्याचे पाणी अडविले गेले. महाडच्या चवदार तळ्याचा लढा हा पाण्याचा आणि समतेचा लढा होता, हे आपण सर्व जाणतो. तो ‘पब्लिक’ या शब्दात कोणाची गणना करावयाची याचाही लढा होता, आणि हा शब्द कागदावर लिहिला गेला त्या दिवशी नव्हे तर माणसे तळ्यात उतरली त्या दिवशी त्याला खरा अर्थ प्राप्त झाला, हे प्रस्तुत लेखात आम्हांस दाखवावयाचे आहे.

शब्दाचे मूळ

‘पब्लिक’ हा शब्द लॅटिन ‘पब्लिकस’ यापासून आला आहे. त्याच्या मुळाशी ‘पोप्युलस’, म्हणजे जनसमूह, हा शब्द आहे. आणि त्याच्या घडणीवर ‘प्यूबेस’, म्हणजे वयात आलेले पुरुष, या शब्दाची छाया पडली आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. प्राचीन रोमच्या त्या ‘लोकां’त गुलामांची गणना नव्हती आणि स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. म्हणजे सर्वांचा म्हणून मिरविणारा हा शब्द जन्मतःच काही माणसांना बाहेर ठेवून आला होता.

हिंदुस्थानात आल्यावर कायद्याने त्याची जी व्याख्या केली, ती अधिकच विचार करण्याजोगी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या १२ व्या कलमाने सांगितले की, ‘पब्लिक’ या संज्ञेत जनतेचा कोणताही वर्ग अथवा कोणताही समाज यांचा समावेश होतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ही व्याख्या राखली आहे. तिचा हेतू संरक्षणाचा आहे. एखाद्या लहानशा समाजाला उपद्रव झाला तरी तो जनतेलाच झाला असे मानावे, हा तिचा भाव. या न्यायाने महारवाडा हाही ‘पब्लिक’ ठरतो. परंतु ज्या देशात प्रत्येक जात स्वतःलाच समाज म्हणवून घेते, तेथे हीच वाट उलट दिशेनेही चालता येते. गावातील वरचढ वर्ग म्हणू शकतो की, आम्ही म्हणजेच पब्लिक. महाडात नेमके हेच घडले.

मराठीतील ‘सार्वजनिक’

‘पब्लिक’ला मराठीने ‘सार्वजनिक’ हा प्रतिशब्द दिला. ‘सर्व जनांचे’ असा त्याचा सरळ अर्थ असल्याने तो मूळ लॅटिन शब्दापेक्षा उदार आहे. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. किमान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणील त्यासच तिचा सभासद होता येई. प्रतिनिधित्वाची ही कल्पना त्या काळी नवी होती; तथापि सभेचा कारभार मुख्यतः उच्चवर्णीय सुशिक्षित व सरदार-सावकार यांच्या हाती राहिला. पुढे गणेशोत्सव ‘सार्वजनिक’ झाला, तेव्हाही त्या शब्दातील ‘सर्व’ कोण, हा प्रश्न शिल्लकच होता.

याच्या दोन वर्षे आधी, म्हणजे १८६८ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला होता. ही घटना शब्दार्थाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. हौद खाजगी होता, परंतु उपयोगाने तो सार्वजनिक झाला. उलट गावोगावच्या विहिरी व तळी नावाने सार्वजनिक होती, परंतु उपयोगाने ती काही जातींची खाजगी मिळकत झाली होती. मालकी कोणाची हा एक प्रश्न, आणि पाणी कोणी भरावयाचे हा दुसरा. जोतीरावांनी या दोहोंतील अंतर आपल्या अंगणात दाखवून दिले. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अखेरच्या ग्रंथाच्या नावातही ‘सार्वजनिक’ हाच शब्द आहे, हे विसरता येत नाही.

बोले ठराव : एक शब्द, दोन अर्थ

आता आपण कायदे कौन्सिलात येऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले व राखलेले, अथवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले सर्व सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग करण्यास अस्पृश्य वर्गास मुभा असावी, अशी शिफारस त्यात होती. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने तो आपल्या खात्यांकडे व स्थानिक संस्थांकडे अंमलबजावणीसाठी धाडला.

या ठरावातील इंग्रजी शब्दयोजना बारकाईने पाहण्यासारखी आहे. तीत ‘पब्लिक’ हा शब्द पुनःपुन्हा येतो. पण तो प्रत्येक वेळी एकच नसतो. ‘पब्लिक फंड्स’मधील पब्लिक म्हणजे सरकारी अथवा नगरपालिकेचा पैसा, म्हणजेच कर देणाऱ्या सर्वांचा पैसा. ‘पब्लिक वॉटरिंग प्लेसेस’मधील पब्लिक म्हणजे लोकांच्या उपयोगाची जागा. पहिला अर्थ खजिन्याचा, दुसरा वापराचा. ठरावाचे तर्कशास्त्र असे होते की, पहिल्या अर्थाने जे सार्वजनिक आहे ते दुसऱ्या अर्थानेही सार्वजनिक असलेच पाहिजे. हे तर्कशास्त्र निर्दोष होते. परंतु रूढीला तर्कशास्त्र ठाऊक नसते. स्थानिक संस्था ठराव बासनात गुंडाळून ठेवतात असे दिसून आल्यावर, त्याची अंमलबजावणी न करणाऱ्या संस्थांचे अनुदान थांबवावे, असा दुसरा ठराव ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांना आणावा लागला.

महाड : जेथे दोन अर्थ समोरासमोर आले

महाड हे तेव्हाच्या कुलाबा आणि १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील सावित्री नदीकाठचे जुने व्यापारी गाव. मुंबईहून येणारी बोट समुद्रातून सावित्रीच्या खाडीत शिरून दासगाव बंदराला लागे. तेथून महाड फार दूर नाही. या किनारपट्टीतील महार समाजातील अनेकांनी मुंबईच्या गोदीत, गिरण्यांत व पलटणीत नोकऱ्या केल्या होत्या. मुंबईत नळाचे पाणी प्यावयाचे आणि महाडच्या बाजारात कोरड्या घशाने फिरावयाचे, हा अनुभव त्यांना नवा नव्हता.

परगावच्या माणसाला महाडात पाणी मिळण्याचे ठिकाण म्हणजे चवदार तळे. बाजारासाठी येणाऱ्या अस्पृश्यांना ते बंद होते. एवढेच नव्हे, तर गावकामगार या नात्याने गावचा वसूल व कागदपत्रे घेऊन तालुका कचेरीत येणाऱ्या महारांनाही ते बंद होते. येथे शब्दाची विटंबना पुरी होते. जो माणूस सार्वजनिक खजिन्याचा पैसा डोक्यावर वाहून आणीत होता, तो तळ्याच्या काठी येताच ‘पब्लिक’ राहत नव्हता. मुसलमानांना त्या पाण्यास मज्जाव नव्हता, गुराढोरांनाही नव्हता.

तळे चार-पाच एकरांचे. त्याच्या चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते आणि त्यांपलीकडे मुख्यतः सवर्णांची घरे. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने बोले ठरावास अनुसरून तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांचे नाव या पुरोगामी भूमिकेशी निगडित आहे. परंतु ठराव कागदावरच राहिला. तीन वर्षे तळे ठरावाने सार्वजनिक आणि वहिवाटीने सवर्णांचे, अशा दुहेरी अवस्थेत होते.

ही अवस्था १९ व २० मार्च १९२७ च्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेने मोडली. रामचंद्र बाबाजी मोरे, संभाजी तुकाराम गायकवाड, अनंतराव चित्रे आदी कार्यकर्त्यांनी परिषदेची सिद्धता केली होती. २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी शिस्तबद्ध मिरवणुकीने तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्राशन केले आणि त्यांच्यामागून इतरांनी केले. ते ज्या रस्त्यांवरून चालत गेले ते सार्वजनिक, ज्या ठरावाच्या आधारे गेले तो सार्वजनिक संस्थेचा, आणि ज्या पाण्याला त्यांनी हात लावला तेही सार्वजनिक. यांतील एकही गोष्ट नवी नव्हती. नवी होती ती एवढीच की, शब्दाचे दोन्ही अर्थ त्या दिवशी प्रथमच एका जागी आले.

त्याची किंमत लगेच वसूल करण्यात आली. वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य घुसणार अशी अफवा उठवून परिषदेच्या प्रतिनिधींवर लाठ्या चालविण्यात आल्या. पुढे शेण, गोमूत्र, दूध व दही घातलेल्या पाण्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतून त्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. जो ठराव कागदावर होता तोवर कोणास खुपला नाही, तो आचरणात येताच रद्द झाला, याहून बोलका पुरावा कोणता हवा?

न्यायालयात काय ठरले?

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले. त्यापूर्वी १२ डिसेंबर रोजी महाडच्या काही सवर्णांनी बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दिवाणी दावा लावला. दावा क्रमांक ४०५, सन १९२७. तळे स्पृश्य हिंदूंच्या मालकीचे असून त्याच्या वापराचा हक्क केवळ त्यांचाच आहे, असे जाहीर करावे आणि प्रतिवादींना मनाई करावी, अशी त्यांची मागणी होती. १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाईहुकूम निघाला. त्यामुळे २५ डिसेंबरला सुरू झालेल्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, परंतु न्यायालयाच्या हुकमाचा मान राखून तळ्याचे पाणी घेतले गेले नाही. तळ्याभोवती मिरवणूक काढण्यात आली. त्या परिषदेला जागा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली होती. सार्वजनिक तळ्याचे दार बंद असता एका व्यक्तीने आपली खाजगी जमीन खुली करावी, यात जोतीरावांच्या हौदाचीच आठवण आहे.

दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने तो फेटाळला. सवर्णच तळे वापरीत आले आहेत हे त्या न्यायालयाने मान्य केले. मात्र काहींनी वापरले व काहींनी वापरले नाही एवढ्याने वापरणाऱ्यांस कायदेशीर हक्क प्राप्त होत नाही, असा निर्णय दिला. ३० जानेवारी १९३३ रोजी ठाण्याच्या न्यायालयाने अपील फेटाळले व ती रूढी अनादि असल्याचेच सिद्ध झाले नाही असे म्हटले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने अंतिम निर्णय दिला. निकालपत्र न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड यांचे. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा देणारे न्यायाधीश ते हेच.

आमच्या वाचकांना हा विजय ठाऊक आहे. परंतु त्याचा आधार काय होता, हे फारसे सांगितले जात नाही. तळे नगरपालिकेकडे निहित असल्याची बाब उच्च न्यायालयापर्यंत येता येता वादाची राहिली नव्हती. वादींचा सारा भर रूढीवर आला होता. न्यायालयाने म्हटले की, वादींनी अनादि रूढी सिद्ध केलेली नाही. ती सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी वा लोकधोरणाविरुद्ध आहे काय, आणि तळे नगरपालिकेकडे निहित होण्याचा कायदेशीर परिणाम काय, याचा विचार करावा लागला असता, असेही निकालपत्रात नमूद आहे. म्हणजे तळे खुले राहिले ते वादींचा पुरावा अपुरा पडला म्हणून. सार्वजनिक तळ्यावर प्रत्येक माणसाचा हक्क असतो असे न्यायालयाने घोषित केले म्हणून नव्हे. दुसऱ्या एखाद्या गावी रूढीचा पुरावा भक्कम निघाला असता तर काय झाले असते? त्या प्रश्नाचे उत्तर १९३७ साली कायद्यात नव्हते.

उत्तर संविधानात

ते उत्तर देण्याचे काम ज्यांच्यावर दावा लावला होता त्याच प्रतिवादी क्रमांक एकच्या हाती यावे, हा इतिहासाचा न्याय म्हटला पाहिजे. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाचा दुसरा खंड वाचताना आम्हांस तर चवदार तळ्याचा काठ दिसतो. केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणाही नागरिकावर दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते इत्यादींच्या बाबतीत निर्बंध असणार नाही, असे तो सांगतो. हे पाणवठे पूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशाने राखलेले असोत, किंवा सर्वसाधारण जनतेच्या वापरासाठी दिलेले असोत. बोले ठरावातील खजिन्याची कसोटी येथे आहेच; पण तिच्या शेजारी वापराची स्वतंत्र कसोटी उभी केली आहे, आणि ‘अंशतः’ या एका शब्दाने पळवाट बुजविली आहे.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा शब्दांच्या अर्थाविषयीच प्रश्न विचारले गेले. बाबासाहेबांनी खुलासा केला की, ‘दुकान’ हा शब्द केवळ आत शिरण्याच्या अर्थाने नव्हे, तर ठरलेला मोबदला देणाऱ्यास सेवा मिळण्याच्या व्यापक अर्थाने योजला आहे. सार्वजनिक पैशाने राखलेली दफनभूमीही सार्वजनिक जागेत मोडते, असेही त्यांनी सांगितले. न्हाव्याची खुर्ची आणि माणसाची अखेरची जागा, दोन्ही त्या अर्थाच्या कक्षेत आली.

१९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने आणखी एक पाऊल टाकले. १९७६ च्या दुरुस्तीने त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. नदी, झरा, विहीर, तलाव, नळ यांबाबत त्याची कसोटी साधी आहे : जनतेतील इतर माणसांना तेथे जाण्याचा हक्क आहे काय? असेल, तर अस्पृश्य मानलेल्यास तो नाकारणे हा अपराध. ‘तुम्ही पब्लिक आहात काय’ हा प्रश्नच येथे संपतो.

संविधानाच्या मराठी पाठात अशा जागांसाठी ‘राबता’ हा शब्द योजिला आहे. सार्वजनिक राबत्याची जागा, म्हणजे जेथे लोकांचे येणे-जाणे असते ती. आमच्या मते ‘पब्लिक’चे याहून नेमके मराठी दुसरे नाही. तो शब्द मालक कोण हे विचारीत नाही. कोण येते-जाते एवढेच पाहतो.

पालेच्या लेण्यांतील पाणी

शब्द इंग्रजी, कायदा इंग्रजी. मग कल्पनाही परकीच काय? महाडपासून जवळच गांधारपाले येथील बौद्ध लेणी आहेत. तेथील एका प्राकृत शिलालेखात कुमार काणभोअ विण्हुपालित याच्या दानाची नोंद आहे. त्याने लेणे, चैत्यगृह व ओवऱ्या दिल्या, आणि लेण्याच्या दोन्ही बाजूंस दोन ‘पोढी’, म्हणजे पाण्याची टाकी, व लेण्याकडे येणारी वाटही दिली. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील हा लेख पाणी आणि पाण्यापर्यंतची वाट यांचा एकत्र उल्लेख करतो, ही गोष्ट चवदार तळ्याच्या शेजारी विशेष अर्थपूर्ण वाटते.

ही टाकी प्रथमतः भिक्षूंसाठी होती. ती गावच्या प्रत्येकासाठी होती असे आमचे म्हणणे नाही. परंतु बौद्ध दानाची जी परिभाषा नाशिक व कार्ले येथील शिलालेखांत आढळते, ती लक्षात घ्यावी. दान दिले जाते ते चातुद्दिस संघाला, चारी दिशांच्या संघाला. विनयपिटकात अनाथपिंडिकाने जेतवन दिले ते आलेल्या आणि अद्याप न आलेल्या अशा चारी दिशांच्या संघास. अशा मिळकतीवर आज तेथे राहणाऱ्यांचा विशेष हक्क नसतो. उद्या येणाऱ्या अनोळखी पांथस्थ भिक्षूचा हक्क तितकाच असतो. आणि त्या संघात प्रवेश करताना, नद्या समुद्रास मिळाव्या तसे, पूर्वीचे कुलगोत्र गळून पडे. उपाली न्हावी होता, सुनीत हा झाडूवाला होता.

महाडच्या वादींचा दावा याच्या नेमका उलट होता. आम्ही आधीपासून येथे आहो, म्हणून पाणी आमचे, असे ते म्हणत होते. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर बोलताना बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतल्याचे सांगितले होते. ‘पब्लिक’ या शब्दाविषयीही असाच विचार करता येतो. शब्द बोटीने आला असेल. परंतु न आलेल्याचाही हक्क मानणारी दृष्टी या कोकणच्या कातळात त्यापूर्वीच खोदलेली होती.

उपसंहार

आजही गावोगाव सार्वजनिक विहीर, सार्वजनिक स्मशान, सार्वजनिक वाचनालय अशा पाट्या आहेत. ती जागा खजिन्याच्या अर्थाने सार्वजनिक आहे की राबत्याच्या, हे पाटीवरून कळत नाही. तेथे प्रत्यक्ष कोण येते-जाते हे पाहूनच कळते. आमच्या तरुण अभ्यासकांनी आपापल्या तालुक्यातील जुने ठराव, नगरपालिका व लोकल बोर्डांची इतिवृत्ते आणि न्यायालयांचे निकाल काढून वाचावेत. बोले ठरावानंतर कोणते पाणवठे कधी खुले झाले, कोणते कागदावरच राहिले आणि कोणते माणसे प्रत्यक्ष गेल्यामुळे खुले झाले, याची नोंद व्हावयास हवी. महाडचा इतिहास लिहिला गेला आहे. परंतु या किनाऱ्यावर महाडखेरीज इतर गावे आहेत आणि त्यांच्या विहिरींनाही इतिहास आहे.